गिअर लिंकेज (जुन्या मोटारगाड्या)

गिअर लिंकेज म्हणजे मोटारगाडीतील गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी सळ्या, सांधे, पिना व बुश यांची साखळी होय. चालकाच्या हाताची हालचाल गिअरबॉक्सच्या आतील यंत्रणेपर्यंत अचूक पोहोचवणे हे तिचे कार्य असते. ही जोडणी गिअरबॉक्सच्या बाहेर, बहुधा गाडीच्या तळाशी किंवा इंजिनाच्या कप्प्यात असते. गिअरबॉक्सच्या आतील भाग तेलात बुडालेले व बंदिस्त असतात. लिंकेजला असे संरक्षण नसल्याने धूळ, चिखल आणि पाणी यांमुळे ती लवकर झिजते.

जुन्या गाडीत गिअर नीट पडेनासे झाले की 'गिअरबॉक्स गेला' असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा या बाहेरच्या जोडणीत किंवा क्लचमध्ये असतो. गिअरबॉक्स उतरवून उघडणे हे खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे. लिंकेजचे झिजलेले बुश बदलणे हे त्या तुलनेत लहान काम आहे. सपाट रस्त्यावर ढिली लिंकेज ही केवळ गैरसोय वाटते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील फोंडाघाटासारख्या तीव्र उताराच्या मार्गावर मात र तीच गोष्ट अपघाताचे कारण ठरू शकते.

रचना आणि कार्य

हाताने बदलायच्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअर गुंतवण्यासाठी एक सरकती स्लीव्ह असते. ती स्लीव्ह दुबेळक्याच्या आकाराच्या फोर्कने सरकवली जाते आणि फोर्कला हालचाल देणारा भाग सिलेक्टर शाफ्ट म्हणून ओळखला जातो. शाफ्टवरील खाचांत स्प्रिंगच्या दाबाने एक पोलादी गोळी बसते. गिअर पूर्ण पडल्यावर हाताला जो 'खट्' असा ठोका जाणवतो, तो या गोळीमुळे. गिअर आपल्या जागी टिकून राहण्यासही तिची मदत होते.

गिअरच्या दांड्याला दोन प्रकारच्या हालचाली असतात. आडव्या हालचालीने कोणत्या जोडीतील गिअर हवा, म्हणजे पहिला-दुसरा की तिसरा-चौथा, हे ठरते. उभ्या हालचालीने त्या जोडीतील एक गिअर प्रत्यक्ष गुंततो. लिंकेजला या दोन्ही हालचाली एकमेकींत न मिसळता पुढे पोहोचवाव्या लागतात. त्यामुळे तिच्यात अनेक सांधे असतात. प्रत्येक सांध्यात पिन आणि तिच्याभोवती नायलॉन, रबर किंवा पितळेसारख्या धातूचा बुश असतो. बुश मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. पिनेऐवजी त्याने झिजावे आणि तो स्वस्तात बदलता यावा, हा त्यामागील हेतू असतो.

सांध्यांतील या झिजेने निर्माण होणाऱ्या ढिलेपणाला कारागीर 'प्ले' म्हणतात. एकेका सांध्यातील प्ले नगण्य वाटला, तरी त्यांची बेरीज होत जाते. उदाहरणादाखल, चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर प्ले असेल, तर एकूण २ मिलिमीटर हालचाल वाया जाते. दांड्याचा टेकूच्या वरचा भाग ३० सेंटिमीटर आणि खालचा ६ सेंटिमीटर असेल, तर मुठीशी हाच ढिलेपणा पाचपट, म्हणजे १० मिलिमीटर जाणवतो. दांड्याला काही जादा चाल ठेवलेली असते, म्हणून सुरुवातीला गिअर पडत राहतात. ही जादा चाल संपली, की दांडा आपल्या टोकाला टेकतो, पण गिअरबॉक्समधील स्लीव्ह अर्धवटच सरकलेली असते. अशा अर्धवट गुंतलेल्या गिअरवर भार आला, की तो सुटतो आणि दात्यांच्या कडा झिजू लागतात. बाहेरच्या स्वस्त बुशकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने अखेर गिअरबॉक्सच्या आतील महागड्या भागांपर्यंत पोहोचते.

लिंकेजचे प्रकार

थेट दांडा : महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांत गिअरचा दांडा गिअरबॉक्सच्या झाकणावरच बसवलेला असतो. मध्ये सळ्यांची साखळी नसल्याने बिघाडाच्या जागा कमी असतात. दांड्याच्या बुडाशी असलेला गोलाकार टेकू आणि त्यावरील स्प्रिंग एवढेच भाग प्रामुख्याने झिजतात.

स्टिअरिंगलगतचा दांडा : फियाट ११०० व तिच्यापासून पुढे आलेली प्रीमियर पद्मिनी, तसेच हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर या गाड्यांत दीर्घकाळ हा प्रकार होता. दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूस असल्याने पुढील सलग आसनावर तिघांना बसता येत असे. दांड्याची हालचाल स्टिअरिंगच्या खांबाला समांतर असलेल्या दांडीतून खाली येते आणि तेथून आडव्या सळ्यांनी गिअरबॉक्सकडे वळते. हालचालीची दिशा वारंवार बदलत असल्याने या प्रकारात सांधे अधिक असतात आणि प्ले येण्याचा संभवही अधिक असतो.

फरशीवरील दांडा आणि लांब सळई : डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० या गाडीत इंजिन आडवे असून ते पुढील चाकांना गती देते. गिअरबॉक्स पुढे आणि दांडा दोन आसनांच्या मध्ये, अशी मांडणी असल्याने दोहोंना जोडणारी सळई गाडीच्या तळाखालून जाते. रस्त्यावरचे पाणी आणि चिखल तिच्यावर सरळ उडतो.

केबल : नंतरच्या अनेक गाड्यांत सळ्यांऐवजी आवरणातून सरकणाऱ्या दोन केबल वापरल्या जातात. त्यांत सांधे कमी असतात. परंतु केबल आत गंजली किंवा तिचे तार तुटू लागले, तर ती बहुधा संपूर्ण बदलावी लागते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होत. १९७० च्या दशकात या गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अनेक दशके धावली. दिवसभर थांबत-निघत चालणाऱ्या टॅक्सीत गिअर असंख्य वेळा बदलावे लागत. त्यामुळे पद्मिनीची लिंकेज खोलणे व जुळवणे हे मुंबईतील मेकॅनिकांचे नेहमीचे काम होते. टॅक्सींसाठी असलेल्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून हद्दपार झाली. ॲम्बेसेडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. या गाड्या खाजगी मालकांकडे अजूनही आढळतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर गाडी सुस्थितीत असल्याचे तपासून ती ५ वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. अशा गाड्यांचे मूळ सुटे भाग दुर्मीळ होत असल्याने लिंकेज बदलण्यापेक्षा दुरुस्त करण्याकडे कल असतो.

घाटरस्ता आणि लिंकेज

फोंडाघाट हे कणकवली तालुक्यातील गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहे. देवगड-निपाणी मार्ग येथून घाट चढून कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूर व पुढे राधानगरीकडे जातो. अल्प अंतरात मोठी चढण आणि लागोपाठची वळणे असल्याने या मार्गावर दुसरा व तिसरा गिअर सतत बदलावा लागतो.

चढणीवर वळण घेताना वेग कमी होतो आणि खालचा गिअर टाकावा लागतो. त्या क्षणी लिंकेजने दगा दिल्यास गाडी न्यूट्रलमध्ये राहते, तिचा वेग संपतो आणि ती मागे घसरू लागते. उतारावरील धोका याहून मोठा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा चालकांचा जुना संकेत आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन चाकांना मागे ओढून धरते आणि ब्रेकवरील भार हलका होतो. अर्धवट गुंतलेला गिअर नेमका अशा वेळी सुटण्याचा संभव असतो; कारण उतारावर चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि दात्यांवरील दाबाची दिशा उलटते. गिअर सुटल्यास गाडीचा सर्व भार ब्रेकवर येतो. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. सततच्या वापराने ड्रम तापतात आणि ब्रेकची पकड कमी होत जाते.

कोकणातील हवामानही या जोडणीस प्रतिकूल आहे. जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पावसात सांध्यांतील ग्रीस धुऊन जाते आणि तांबड्या मातीचा चिखल बुशमध्ये शिरून कानशीसारखे काम करतो. मालवण-देवगड किनाऱ्यालगत खारी हवा गंजाची भर घालते. एरवी उभी असलेली गाडी गणेशोत्सवात किंवा मे महिन्यात लांबच्या प्रवासाला काढली जाते, तेव्हा गंजलेल्या सांध्यांवर एकदम ताण पडतो. कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांच्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत प्रवासापूर्वीची तपासणी म्हणूनच आवश्यक मानली जाते.

बिघाडाची लक्षणे

लिंकेज झिजल्याची लक्षणे सहसा हळूहळू दिसू लागतात. न्यूट्रलमध्ये दांडा पूर्वीपेक्षा अधिक डुलतो. एकच गिअर, बहुधा पहिला किंवा रिव्हर्स, सापडत नाही, किंवा पहिल्याऐवजी तिसरा पडतो. गिअर पडल्याचा ठोका हाताला जाणवत नाही. खडबडीत रस्त्यावर दांड्याच्या बुडाशी खडखडाट होतो. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर सुटतो. दांडा एकाएकी पूर्ण ढिला होऊन कोणताच गिअर पडेनासा झाला, तर एखादी पिन निसटल्याची किंवा बुश फुटल्याची शक्यता असते.

निदान

दुरुस्तीपूर्वी दोष क्लचचा, लिंकेजचा की गिअरबॉक्सचा, हे ठरवणे आवश्यक असते. त्यासाठी पुढील तपासण्या क्रमाने केल्या जातात.

१. सपाट जागेवर इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहतात. दाते समोरासमोर आल्यास गाडी किंचित हलवावी लागते. बंद इंजिनावर गिअर सहज पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच अडत किंवा करकरत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नसल्याचा संशय येतो. अशा वेळी प्रथम क्लचची जुळवणी तपासतात.

२. बंद इंजिनावरही गिअर अडत असतील किंवा सापडत नसतील, तर एकाने दांडा हलवावा आणि दुसऱ्याने सांधे पाहावेत. दांडा हलूनही पुढची सळई जेथे उशिरा हलते, तेथे प्ले असतो.

३. लिंकेज गिअरबॉक्सच्या टोकाशी सोडवून गिअरबॉक्सवरील अर्म हाताने हलवतात. प्रत्येक गिअरचा स्पष्ट ठोका मिळत असेल, तर दोष लिंकेजमध्ये असण्याचीच शक्यता अधिक. येथेही अडथळा जाणवला, तर दोष आत आहे.

४. इंजिन व गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर टेकलेले असतात ती फाटली आहेत का, हे पाहतात. फाटलेल्या माउंटिंगमुळे वेग वाढवताना इंजिन कलते, सळ्यांचे अंतर बदलते आणि लिंकेज निर्दोष असूनही गिअर सुटू शकतो. ही तपासणी अनेकदा राहून जाते.

तिसऱ्या तपासणीत ठोके स्पष्ट मिळूनही चालत्या गाडीत विशिष्ट गिअर सुटतच असेल, तर आतील दाते, फोर्क किंवा स्प्रिंग झिजलेली असू शकते. तेथे बाहेरील दुरुस्तीचा उपयोग होत नाही.

दुरुस्ती

पूर्वतयारी : गाडी सपाट व टणक जागेवर उभी करून हँडब्रेक लावतात आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावतात. काम चालू असताना गाडी चुकून सुरू होऊ नये म्हणून बॅटरीची अर्थची तार काढून ठेवतात. गाडीखाली शिरायचे असल्यास ती मजबूत स्टँडवर टेकवणे अत्यावश्यक आहे. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. लिंकेज सोडवल्यावर गाडी गिअरमध्ये राहीलच असे नसते; म्हणून चाकांना ठोकळे लावणे अधिक महत्त्वाचे ठरते.

खुणा : सोडवण्यापूर्वी प्रत्येक सळईची बाजू आणि चेकनटची जागा रंगाने खुणावतात. सळईच्या दोन टोकांच्या मध्यांमधील अंतर मोजून लिहून ठेवल्यास नंतरची जुळवणी सोपी होते.

सोडवणे व स्वच्छता : गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल टाकून काही वेळ थांबतात. स्प्लिट पिना व क्लिपा काढून सांधे सुटे करतात आणि रॉकेल किंवा डिझेलने धुतात. मळ निघाल्याशिवाय झीज दिसत नाही.

तपासणी : पिनेवर बोट फिरवल्यास झिजलेली पायरी जाणवते. छिद्र गोल न राहता लांबट झाले आहे का, सळई वाकली आहे का किंवा तिला तडा गेला आहे का, हे पाहतात. किंचित वाकलेली सळई थंड स्थितीत सरळ करता येते. तडा गेलेली सळई बदलणेच योग्य.

बुश बदलणे : जुना बुश ठोकून न काढता योग्य मापाच्या सॉकेटच्या साहाय्याने व्हाइसमध्ये दाबून काढतात व नवा त्याच रीतीने बसवतात. रबरी बुश बसवताना साबणाचे पाणी वापरतात. खनिज तेलाने साधे रबर फुगते व मऊ पडते. झिजलेल्या पिनेवर नवा बुश बसवल्यास प्ले तसाच राहतो आणि नवा बुशही लवकर खराब होतो. म्हणून पिन व बुश यांचा एकत्र विचार करतात. लांबट झालेले छिद्र मोठ्या मापाने गोल करून त्यात धातूची बाही बसवता येते. तयार बुश मिळत नसल्यास लेथवर नायलॉनचा किंवा धातूचा बुश करून घेतात. बसवलेली पिन हाताने फिरली पाहिजे, पण हलता कामा नये, ही चांगल्या मापाची साधी कसोटी आहे. वेल्डिंगचे काम असल्यास नायलॉन व रबराचे भाग आधी काढून ठेवतात.

जोडणी : सांध्यांना ताजे ग्रीस लावून भाग पूर्वीच्याच क्रमाने बसवतात. स्प्लिट पिना नेहमी नव्या वापरतात. वाकवून सरळ केलेली जुनी पिन तुटून सांधा निसटण्याचा धोका असतो.

जुळवणी

नवे बुश बसवल्यावर सळ्यांची लांबी पुन्हा जुळवावी लागते. प्रथम गिअरबॉक्सवरील अर्म न्यूट्रलमध्ये आणतात. नंतर आतील गिअरचा दांडा न्यूट्रलच्या जागी धरून ठेवतात. या स्थितीत सळईची लांबी अशी ठरवतात, की पिन जोर न लावता छिद्रात सरकावी. पिन ओढून किंवा ठोकून बसवावी लागत असेल, तर लांबी चुकलेली आहे. शेवटी चेकनट घट्ट करतात.

यानंतर बंद इंजिनावर रिव्हर्ससह सर्व गिअर टाकून पाहतात. प्रत्येक गिअरचा ठोका जाणवल्यानंतरही दांड्याला थोडी चाल शिल्लक असली पाहिजे. ठोक्याआधीच दांडा आसनाला, डॅशबोर्डला किंवा खाचेच्या टोकाला टेकत असेल, तर जुळवणी पुन्हा करतात. प्रत्येक गाडीची नेमकी मापे तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असतात व तीच प्रमाण मानतात.

चाचणी प्रथम मोकळ्या सपाट रस्त्यावर घेतात. प्रत्येक गिअरमध्ये वेग वाढवून आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडून गिअर टिकतो का, हे पाहतात. त्यानंतर सौम्य चढ-उतारावर हीच चाचणी होते. या दोन्हींत गाडी उत्तीर्ण झाल्यावरच ती घाटात नेणे सुरक्षित असते.

तात्पुरते उपाय आणि त्यांच्या मर्यादा

वाटेत बिघाड झाल्यास सांधा तारेने बांधणे, बुशच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे किंवा स्प्लिट पिनेऐवजी खिळा घालणे असे उपाय केले जातात. जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी सावकाश नेण्यापुरताच त्यांचा उपयोग आहे. तार घर्षणाने कापली जाते आणि रबराची पट्टी पिळवटून निघते. या उपायांवर भरवसा ठेवून घाट उतरणे धोक्याचे आहे.

घाटात लिंकेज निसटल्यास गाडी शक्यतो डोंगराच्या बाजूला थांबवून हँडब्रेक ओढणे, उताराच्या दिशेने चाकांना दगड लावणे आणि मागून येणाऱ्या वाहनांना इशारा देणे ही पहिली कामे होत. उतारावर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नये. न्यूट्रलमध्ये केवळ ब्रेकच्या भरवशावर घाट उतरण्यापेक्षा मदत मागवणे श्रेयस्कर असते.

सुटे भाग आणि कारागिरी

फोंडाघाट परिसरातील वाहनधारकांना कणकवली ही जवळची बाजारपेठ आहे. घाटावर कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर लेथकाम व ओतकामासाठी प्रसिद्ध असून नमुन्यावरून पिना व बुश घडवून देणाऱ्या कारागिरांची तेथे परंपरा आहे. मुंबईत कुर्ला व चोर बाजार या भागांत जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. नमुन्यासाठी जुना झिजलेला भाग फेकून न देता जपून ठेवणे उपयुक्त ठरते. मात्र माप घेताना झिजलेली बाजू टाळून न झिजलेल्या भागावर ते घ्यावे लागते.

देखभाल

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर लिंकेज धुऊन सर्व सांध्यांना ग्रीस लावणे, रबरी टोप्या फाटल्या असल्यास बदलणे आणि क्लिपा व स्प्लिट पिना जागेवर आहेत का हे पाहणे, एवढी देखभाल सामान्यतः पुरेशी असते. गाडी चालवताना गिअरच्या दांड्यावर हात टेकवून ठेवण्याची सवय टाळतात, कारण त्या सततच्या दाबाने लिंकेजबरोबर आतील फोर्कही झिजतो. दांडा अधिक डुलू लागला की तो जोराने रेटण्याऐवजी तपासून घेणे हितावह असते. जोराने रेटलेला दांडा गिअर पाडतो, पण वाकलेली सळई आणि झिजलेले दाते मागे ठेवतो.